न उघडलेले लिफाफे : निक्सन, सीआयए आणि १९६८चं सत्तांतर

१९६८च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या पिएर हॉटेलात एक सीलबंद लिफाफा नेमाने पोचत असे. वर लिहिलेलं असे की हा फक्त नवनिर्वाचित अध्यक्षांनीच उघडायचा. आत असे ते दैनिक टिपण, जे वॉशिंग्टनमध्ये मावळते अध्यक्ष लिंडन जॉन्सन वाचत होते. लिफाफा पाठवणारी सीआयए आणि तो घेणाऱ्या रोझ मेरी वुड्स, म्हणजे रिचर्ड निक्सन यांच्या अनेक वर्षांच्या विश्वासू सेक्रेटरी. देवघेव अगदी चोख चालली होती. डिसेंबरात सीआयएला कळलं की लिफाफ्यांचा गठ्ठा साठलेला आहे आणि त्यातला एकही फोडलेला नाही.

नव्या सरकारातल्या माणसांना गुप्तचर संस्थेच्या विश्लेषणाची ओळख करून देण्याचा विषय निघाला की हा किस्सा हमखास सांगितला जातो. सांगणारा शेवटी खांदे उडवून म्हणतो, निक्सन यांचा स्वभावच संशयी, त्याला कोण काय करणार. मला हे अर्धंच पटतं. निक्सन संशयी होते यात वाद नाही, पण तो स्वभाव सीआयएला नवा नव्हता. तिने तयारीही कमी केली नव्हती, उलट फार चांगली केली होती. ती तयारी नेमकी कोणासाठी होती, हे पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते.

प्रथा आली कुठून

१२ एप्रिल १९४५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट वारले आणि जेमतेम तीन महिने उपाध्यक्ष असलेले हॅरी ट्रुमन अध्यक्ष झाले. अणुबॉम्ब तयार होतोय, याची सविस्तर माहिती त्यांना मिळाली २५ एप्रिलला, युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्याकडून. म्हणजे देशाचा सर्वोच्च अधिकारी खुर्चीत बसल्यावर जवळपास दोन आठवडे देशाच्या सर्वांत मोठ्या शस्त्राबद्दल जवळजवळ अंधारात होता. ट्रुमन हे विसरले नाहीत. १९५२च्या निवडणुकीत ते स्वतः उभे नव्हते. तेव्हा त्यांनी आयझेनहॉवर आणि स्टीव्हन्सन या दोन्ही उमेदवारांना सीआयएकडून माहिती देण्याची व्यवस्था केली. तेव्हापासून ही रीत चालत आली. ती कायद्याने बांधलेली नाही, पदावर असलेल्या अध्यक्षांच्या संमतीवर चालते. प्रत्येक वेळी संस्थेला आपली ओळख नव्याने करून द्यावी लागते, आणि तीही जुन्या मालकाच्या परवानगीने.

ओळख कशाची करून द्यायची, तेही सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला गुप्तचर संस्था म्हटली की हेर, वेषांतर आणि विषाच्या कुप्या आठवतात. ज्यांचा आपण विचार करतोय ते विश्लेषक टेबलावर बसून काम करतात. दूतावासांच्या तारा, परदेशी रेडिओचं ऐकीव, उपग्रहांची छायाचित्रं, हेरांचे अहवाल, वर्तमानपत्रं हे सगळं वाचून ते ‘याचा अर्थ काय’ हे लिहितात. त्यांचा माल ढोबळमानाने तीन प्रकारचा. रोजचं टिपण, राष्ट्रीय गुप्तवार्ता अंदाज नावाचे मोठे दस्तऐवज, आणि विचारलेल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर. माझ्या मते तिसरा प्रकार सगळ्यांत मोलाचा आणि नव्या माणसाला सगळ्यांत कमी ठाऊक असलेला. आपण विचारू शकतो, हेच त्याला माहीत नसतं.

रोजच्या टिपणाची गोष्ट मात्र नीट ऐकण्यासारखी आहे, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यात दडलेला आहे. जून १९६१मध्ये केनेडी यांच्यासाठी सीआयएने एक छोटी पुस्तिका सुरू केली. केनेडींना कागदांचे ढीग आवडत नसत, म्हणून सगळं एकाच ठिकाणी आणि थोडक्यात. रिचर्ड लेहमन या विश्लेषकाने ती घडवली आणि केनेडींना ती आवडली. उपाध्यक्ष जॉन्सन यांना ती द्यायची नाही, असं ठरलेलं होतं. नोव्हेंबर १९६३मध्ये केनेडींची हत्या झाली आणि तीच पुस्तिका जॉन्सन यांच्यापुढे आली. आपल्यापासून लपवून ठेवलेल्या कागदावर त्यांचा जीव काही जडला नाही. शेवटी १ डिसेंबर १९६४ रोजी सीआयएने नाव आणि रूप दोन्ही बदलून ‘प्रेसिडेंट्स डेली ब्रीफ’ सुरू केलं, ज्याला सगळे पीडीबी म्हणतात. जॉन्सन रात्री झोपण्याआधी अंथरुणात कागद वाचतात हे लक्षात आल्यावर त्याची वेळही त्यांच्या सोयीची करण्यात आली. हळूहळू ते त्यांच्या सवयीत मुरलं.

तर १९६८पर्यंत पीडीबी हे एका विशिष्ट माणसाच्या मापाने बेतलेलं, चार वर्षं वापरून अंगाला बसलेलं वस्त्र होतं. आणि नेमकं तेच घडी घालून, लिफाफ्यात बंद करून निक्सन यांच्याकडे पाठवलं जात होतं.

गिऱ्हाईक जुनंच होतं

निक्सन नवखे नव्हते. १९५३ ते १९६१ अशी आठ वर्षं आयझेनहॉवर यांचे उपाध्यक्ष म्हणून ते राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत बसले होते. तिथे सीआयएचे संचालक ॲलन डलेस जगाचा आढावा घेत, तो त्यांनी शेकडो वेळा ऐकला असेल. परराष्ट्र धोरण हा त्यांचा आवडीचा विषय. त्यांना सीआयएची ओळख करून देणं म्हणजे जुन्या भाडेकरूला घराची किल्ली कशी फिरवायची हे शिकवण्यासारखं होतं.

आणि ही जुनी ओळख गोड नव्हती. १९६०ची निवडणूक ते केनेडींकडून हरले. जवळपास ६ कोटी ८८ लाख मतांमध्ये फरक होता फक्त १ लाख १२ हजारांच्या आसपास. इतक्या निसटत्या पराभवानंतर माणूस प्रत्येक छोट्या गोष्टीत कारण शोधतो. निक्सन यांना ते सीआयएत सापडलं. केनेडींनी प्रचारात ‘क्षेपणास्त्रांची दरी’ गाजवली होती. सोव्हिएत संघ क्षेपणास्त्रांत अमेरिकेच्या पुढे गेलाय, असा तो दावा. पुढे उपग्रहांच्या छायाचित्रांनी दाखवलं की दरी होती ती अमेरिकेच्या बाजूने. निक्सन यांचं म्हणणं, सीआयएने मनावर घेतलं असतं तर हा फुगा आधीच फोडता आला असता.

दुसरी गाठ क्यूबाची. २३ जुलै १९६० रोजी डलेस यांनी हायानिस पोर्टला जाऊन केनेडींना माहिती दिली. पुढे ऑक्टोबरात केनेडींनी क्यूबातून आलेल्या कॅस्ट्रोविरोधी निर्वासितांना मदत करा अशी जाहीर मागणी केली. अशीच एक गुप्त योजना सरकार खरोखर आखत होतं आणि निक्सन तिच्या बाजूने होते. ती उघड होऊ नये म्हणून वादसभेत त्यांना त्याच कल्पनेवर टीका करावी लागली. केनेडींना ही योजना सीआयएने सांगितली असा त्यांनी ग्रह करून घेतला आणि १९६२मध्ये तसं छापूनही टाकलं. डलेस यांनी इन्कार केला. खरं काय होतं हा वेगळा वाद. या प्रकरणापुरतं महत्त्वाचं इतकंच, की उमेदवाराला माहिती देण्याची जी रीत निःपक्षपाती म्हणून सुरू झाली, तिनेच आपला घात केला असं ज्याला वाटत होतं, त्याच्याच दारात आता तीच रीत लिफाफा घेऊन उभी होती.

यात १९६८चं ताजं तेल पडलं. निवडणुकीच्या तोंडावर, व्हिएतनामच्या शांतता बोलण्यांवरून, जॉन्सन यांच्या आदेशाने एफबीआयने ॲना शेनॉल्ट या रिपब्लिकन कार्यकर्तीवर नजर ठेवली होती. दक्षिण व्हिएतनामच्या दूतावासावरही कान होते. निक्सन निवडून आल्यावर एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूवर यांनी अशा पाळतीची गोष्ट, तीही चांगली तिखटमीठ लावून, निक्सन यांच्या कानावर घातली. ही पाळत काही सीआयएच्या विश्लेषकांनी ठेवली नव्हती. पण ज्याच्यावर पाळत असते तो माणूस संस्थांचे तक्ते बघत बसत नाही.

शिवाय एक सामाजिक अढी होती. सीआयए म्हणजे पूर्वेकडच्या श्रीमंत विद्यापीठांतून आलेल्या, केनेडींच्या गोतावळ्यात ऊठबस करणाऱ्या उदारमतवाद्यांचा अड्डा, असं निक्सन यांचं पक्कं मत होतं.

तळघरातली तयारी

५ नोव्हेंबरला निक्सन यांनी ह्यूबर्ट हम्फ्री यांना हरवलं, तेही जेमतेम पाच लाख मतांनी. सीआयएचे संचालक होते रिचर्ड हेल्म्स, १९६६पासून. ऑगस्टमध्ये, उमेदवारी मिळाल्या मिळाल्या, निक्सन टेक्सासमधल्या जॉन्सन यांच्या रँचवर आले होते तेव्हा हेल्म्स यांनी त्यांना माहिती दिली होतीच. आता खरं काम सुरू झालं.

निक्सन यांनी वॉशिंग्टनला न येता न्यूयॉर्कमध्ये, पिएर हॉटेलच्या एकोणचाळिसाव्या मजल्यावर मुक्काम ठोकला होता. म्हणून सीआयएने जवळच्या एका इमारतीच्या तळघरात आपलं छोटं सुरक्षित कार्यालय थाटलं. इमारत होती अमेरिकन बायबल सोसायटीची. (हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकाने काटलं असतं.) लँग्लीच्या मुख्यालयातून छापील पानं जशीच्या तशी यावीत म्हणून तिथे लांब पल्ल्याचं सुरक्षित झेरॉक्स यंत्र बसवलं. विश्लेषकांना तिथे मुक्कामाला धाडलं, म्हणजे प्रश्न आला की उत्तर लगेच देता येईल. पीडीबी, रोजचं वार्तापत्र, व्हिएतनामचे स्थितीअहवाल, शिवाय खास निक्सन यांच्यासाठी लिहिलेले लेख, अशी सगळी रसद तयार होती.

कामाची कसोशी म्हणून यात बोट ठेवायला जागा नाही. यंत्र चाललं, माणसं जागेवर होती, लिफाफा रोज वेळेवर पोचत होता. उणीव एकच. लिफाफ्यातल्या मजकुरावर नवनिर्वाचित अध्यक्षांकडून काही उलट येत नव्हतं.

या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त रेंगाळावंसं वाटतं ते इथे. निवडणूक ५ नोव्हेंबरची, आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणून हेन्री किसिंजर यांच्या नेमणुकीची घोषणा २ डिसेंबरची. मधले सत्तावीस दिवस. निक्सन यांच्याकडे या काळात राष्ट्रीय सुरक्षेचा कागद घेऊन, वाचून, ‘साहेब, यातलं हे महत्त्वाचं’ असं म्हणणारा अधिकृत माणूसच नव्हता. होत्या त्या वुड्सबाई, ज्यांना तो लिफाफा उघडण्याची मुभा नव्हती. कारण वर लिहिलेलं होतं, फक्त नवनिर्वाचित अध्यक्षांसाठी.

त्या शिक्क्याचा हेतू मान वाढवण्याचा होता. हा कागद फार थोड्यांना मिळतो आणि तुम्ही त्यांच्यातले आहात, असं तो सांगत होता. पण त्याच शिक्क्याने आजूबाजूच्या सगळ्यांचे हात बांधले. कार्यालयातल्या कोणत्याही मोठ्या माणसाकडे वाचायचं साहित्य पोचतं ते कोणाच्या तरी हातून. कोणीतरी चाळतं, कोपरा दुमडतं, सांगतं की हे बघाच. हा कोपरा दुमडणारा हातच शिक्क्याने छाटून टाकला होता. सीआयएच्या नोंदवहीत मात्र रोज ‘पोचलं’ असं लिहिलं जात असणार.

प्रश्न न येणं ही बातमी असते, हे इतरांच्या हालचालींवरून अर्थ काढणाऱ्या विश्लेषकांना कोणी सांगायला नको. मॉस्कोतल्या एखाद्या नेत्याने तीन आठवडे मौन पाळलं असतं तर त्यावर त्यांनी लेख लिहिला असता. पिएर हॉटेलातल्या मौनाचा अर्थ लावायला कोणी बसलं नाही.

किसिंजर दारात येतात

निक्सन आणि किसिंजर यांची पहिली मोठी भेट झाली २५ नोव्हेंबरला, त्याच हॉटेलात. हार्वर्डचे प्राध्यापक, आधी निक्सन यांचे प्रतिस्पर्धी नेल्सन रॉकफेलर यांचे सल्लागार. आठवड्याभरात ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार म्हणून जाहीर झाले आणि सीआयएला पहिल्यांदा बोलायला माणूस मिळाला.

ते जे बोलले ते गोड नव्हतं, पण स्पष्ट होतं. त्यांचं म्हणणं असं की आधी वरिष्ठ सहकाऱ्याच्या नजरेखालून न गेलेलं काहीही वाचण्याचा नवनिर्वाचित अध्यक्षांचा इरादा नाही. म्हणजे जे काही द्यायचं ते किसिंजर यांच्याकडे. रोजची ने-आण सांभाळायला त्यांचे सहायक लॉरेन्स ईगलबर्गर होते. याच बोलण्यांतून सीआयएला त्या बंद गठ्ठ्याचा पत्ता लागला.

किसिंजर यांनी टिपणावर टीकाही केली. मजकूर त्रोटक आहे, विषयांची निवड कशीही केल्यासारखी वाटते, एकाचा दुसऱ्याशी धागा लागत नाही. हे ऐकून विश्लेषकांना किती लागलं असेल याची कल्पना करता येते. पण ती टीका रास्त होती, आणि तिचं कारण वाईट लेखनात नव्हतं. पीडीबी एका अर्थी रोजची मालिका होती. जॉन्सन तिचा पहिल्या भागापासूनचा प्रेक्षक. त्यांना ‘कालच्या त्या प्रकरणात आज असं झालं’ एवढं पुरे. मालिका चार वर्षं चाललेली असताना मधूनच बसलेल्या माणसाला तेच दोन ओळींचं कोडं वाटणार. जॉन्सन यांच्यासाठी जो नेमकेपणा होता, तोच नव्या वाचकासाठी तुटकपणा ठरला.

यावर लेहमन यांनी रुसून न बसता रचना बदलली, ही या कथेतली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. केनेडींची पुस्तिका त्यांनीच घडवली होती, आणि वाचक बदलला की कागद बदलतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. नवं टिपण वकिली कागदपत्रांसारखं लांब पानांवर आलं, कारण निक्सन मुळात वकील. पार्श्वभूमी जास्त दिली. आणि सगळ्यांत मोठा बदल म्हणजे घडलेली गोष्ट एकीकडे आणि तिच्यावरचं भाष्य दुसरीकडे अशी फोड केली. निक्सन यांच्या गोटाला सीआयएची मतं वस्तुस्थितीत मिसळून नको होती. निष्कर्ष आम्ही काढू, तुम्ही साक्षीपुरावे द्या, असा सूर होता.

शब्दांचं वजन

वस्तुस्थिती आणि मत वेगळं करा, ही मागणी वरवर साधी वाटते. विश्लेषणाच्या धंद्यात ती फार खोल जाते. यासाठी थोडं मागे, १९५१मध्ये जावं लागेल.

त्या वर्षी मार्चमध्ये सीआयएच्या अंदाज मंडळाने युगोस्लाव्हियावर एक दस्तऐवज काढला. त्यात म्हटलं होतं की सोव्हिएत गटाकडून हल्ला होण्याची ‘गंभीर शक्यता’ मानायला हवी. मंडळातले शर्मन केंट यांना परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्याने विचारलं, गंभीर शक्यता म्हणजे नेमकं किती? केंट म्हणाले, हल्ला होण्याच्या बाजूने पासष्ट, विरुद्ध पस्तीस. तो अधिकारी चमकला, कारण त्याने बरंच कमी धरलं होतं. मग केंट यांनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं. त्या मजकुरावर एकमताने सही केलेल्या त्या मंडळींपैकी कोणाच्या मनात शंभरात वीस होतं, तर कोणाच्या मनात ऐंशी. शब्दावर एकमत झालं होतं, अर्थावर झालंच नव्हतं.

म्हणजे नव्या अधिकाऱ्याला संस्थेची ओळख करून देताना त्याला तिची भाषाही शिकवावी लागते. ‘बहुधा’ म्हणजे किती, ‘आम्हांला वाटतं’ आणि ‘आम्हांला माहीत आहे’ यांत फरक काय, मतभेद कुठे लिहिलेला असतो. लिफाफ्यातून हे जात नाही, समोरासमोर बसूनच जातं. आणि निक्सन यांना नेमकं समोरासमोर बसणंच नको असे. अनोळखी माणसांशी गप्पा त्यांना जमत नसत. ते एकटे बसून, पिवळ्या वकिली पॅडवर लिहीत विचार करणारे. हाही त्यांच्या सवयीचाच भाग, आणि तो आयझेनहॉवर यांच्या काळातल्या अनेकांना ठाऊक होता. विचारायला जायला हवं होतं.

हेल्म्स वेगळं काय करू शकत होते

प्रकरण अभ्यासात मागे वळून शहाणपण सांगणं फार सोपं असतं, तरी तो प्रश्न टाळता येत नाही.

एक मार्ग, निक्सन यांना थेट भेटून रोजच्या तोंडी माहितीचा आग्रह धरणं. मला वाटतं तो फसलाच असता. हेल्म्स यांना पदावर ठेवायचं की नाही हेच अजून ठरायचं होतं. पुढे त्यांना ठेवलं गेलं. पण नोकरी ज्याच्या हातात आहे त्याच्या दारात रोज उभं राहणाऱ्या माणसाचं म्हणणं विश्लेषण कमी आणि अर्ज जास्त वाटतं.

दुसरा मार्ग थांबण्याचा. सुरक्षा सल्लागार नेमला जाईपर्यंत अध्यक्षीय टिपण पाठवायचंच नाही. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. पण त्या तीन-चार आठवड्यांत कुठे काही भडकलं असतं आणि ‘आम्हांला कोणी सांगितलं नाही’ असं झालं असतं, तर १९४५ची पुनरावृत्ती झाली म्हणून सीआयएलाच धारेवर धरलं असतं. ऑगस्टमध्येच सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले होते, आणि पॅरिसमध्ये व्हिएतनामच्या बोलण्यांचा घोळ चालू होता. तो धोका कोणताही संचालक पत्करणार नाही.

तिसरा मार्ग मला योग्य वाटतो, आणि त्यात काहीच थोर नाही. पीडीबी लिफाफ्यात जाऊ द्यायचं, ते जॉन्सन यांचंच होतं. त्याच्या जोडीला शिक्का नसलेलं, कमी गुप्ततेचं, नव्या वाचकासाठी मुळापासून लिहिलेलं टिपण निक्सन यांच्या कार्यालयातल्या दोन-तीन माणसांना मिळेल असं पाहायचं. आणि पहिल्याच आठवड्यात विचारायचं, तुमचे साहेब कधी वाचतात, कशावर वाचतात, त्यांच्या हातात कागद कोण देतं. खास निक्सन यांच्यासाठी लेख लिहिले गेले, हे खरं. पण विषय त्यांच्यासाठी निवडणं वेगळं आणि वाट त्यांच्यासाठी शोधणं वेगळं.

पुढे काय झालं

२० जानेवारी १९६९ रोजी निक्सन यांचा शपथविधी झाला. पीडीबी लांब पानांवर रोज निघत राहिलं. ते किसिंजर यांच्या कार्यालयात जाई, आणि त्यांनी स्वतःच्या लोकांकडून तयार करून घेतलेल्या टिपणीखाली जोडून अध्यक्षांपुढे ठेवलं जाई. निक्सन त्या टिपणीच्या समासात शेरे मारत. मूळ पीडीबी किती वेळा उलटलं गेलं, याचा अंदाज बांधणं सीआयएलाही जड गेलं.

राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या बैठकीत सीआयएच्या संचालकाने सुरुवातीला माहिती द्यावी आणि चर्चा सुरू झाली की बाहेर जावं, असाही घाट घातला गेला. संरक्षणमंत्री मेल्विन लेर्ड यांनी त्याला हरकत घेतली, म्हणून हेल्म्स खोलीत राहिले. पण त्याच १९६९मध्ये लेर्ड यांच्याच खात्याच्या दडपणाखाली सोव्हिएत एसएस-९ क्षेपणास्त्राबद्दलच्या अंदाजातला एक परिच्छेद हेल्म्स यांना काढावा लागला. खोलीत जागा मिळणं आणि शब्दाला वजन मिळणं यांतलं अंतर हे एवढं. १९७०मध्ये कंबोडियात सत्तापालट झाल्यावर हाती आलेल्या कागदांवरून सिहानूकव्हिलच्या बंदरातून व्हिएतनामी कम्युनिस्टांकडे जाणाऱ्या शस्त्रांबद्दल सीआयएने फार कमी आकडा धरला होता हेही उघड झालं. विश्वास असता तर ही चूक एक चूक म्हणून मोजली गेली असती. इथे ती जुन्या मताचा पुरावा झाली. नोव्हेंबर १९७२मध्ये, निक्सन यांच्या दणदणीत फेरनिवडीनंतर, हेल्म्स यांना जायला सांगण्यात आलं आणि राजदूत म्हणून इराणला पाठवलं गेलं.

सीआयए मात्र यातून शिकली. १९७४मध्ये जेराल्ड फोर्ड उपाध्यक्ष असतानाच त्यांच्याकडे पीडीबी घेऊन अधिकारी जाऊ लागला. ऑगस्टमध्ये निक्सन यांनी राजीनामा दिला, तेव्हा नव्या अध्यक्षांना कागद आणि कागद आणणारा माणूस दोन्ही ओळखीचे होते. १९७६मध्ये जिमी कार्टर यांना माहिती द्यायला संचालक जॉर्ज बुश स्वतः जॉर्जियातल्या प्लेन्स गावी गेले आणि बैठका तासन् तास चालल्या.

१९९२चं सत्तांतर तर १९६८च्या नेमकं उलट. बिल क्लिंटन अर्कान्सॉच्या लिटल रॉकमध्ये होते. सीआयएचे अधिकारी तिथे मुक्कामाला गेले आणि रोज गव्हर्नरांच्या निवासात जाऊन पीडीबी त्यांच्या हातात देऊ लागले. क्लिंटन वाचत, प्रश्न विचारत, पुढच्या भेटीत उत्तर येई. हैतीतले लोक घरांची लाकडं काढून होड्या बांधतायत हे छायाचित्रांतून दिसलं. समुद्रातून येणाऱ्या निर्वासितांना परत पाठवण्यावर प्रचारात कडाडून टीका करणाऱ्या क्लिंटन यांनी शपथविधीआधीच, १४ जानेवारी १९९३ रोजी, तेच धोरण तूर्त चालू ठेवण्याचं जाहीर केलं. विश्लेषण निर्णयापर्यंत पोचल्याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळतं.

आणि तरीही. क्लिंटन व्हाइट हाउसमध्ये गेले आणि लिटल रॉकची ती रोजची बैठक मागे राहिली. त्यांचे सीआयए संचालक जेम्स वूल्सी यांना अध्यक्षांची एकांतात भेट क्वचितच मिळे. सप्टेंबर १९९४मध्ये एक छोटं विमान व्हाइट हाउसच्या हिरवळीवर कोसळलं, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये विनोद फिरला की भेटीची वेळ मिळेना म्हणून वूल्सीच विमान घेऊन आले असावेत. वूल्सी स्वतःही तो सांगत.

निक्सन यांच्याकडे गेलेल्या लिफाफ्यांत जे होतं, ते पुढे सगळ्यांसाठी खुलं झालं. जॉन्सन यांच्या कारकिर्दीतली पीडीबी सप्टेंबर २०१५मध्ये ऑस्टिनच्या जॉन्सन ग्रंथालयात जाहीर करण्यात आली, १९६८च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या अंकांसकट. काही ओळी अजून झाकलेल्या आहेत. बाकीचं कोणीही घरबसल्या उघडून वाचू शकतं.